दोन चिरे खाली

समितीचं पत्र व्हॉट्सॲपवर आलं तेव्हा मी पुण्यात एका साइटवर होते. शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी दोन पानं लिहा आणि नव्या वर्गांच्या नकाशावरही एकदा नजर टाका, असा दुहेरी आदेश होता. नकाशा त्याच रात्री बघितला. दोन पानांना मात्र तीन आठवडे लागले, कारण लिहायला बसलं की थोरले गुरुजीच समोर येतात, दुसरं कुणी येतच नाही. बाकीच्या गुरुजी-बाईंनी राग मानू नये.

जुनी शाळा तुम्हा सगळ्यांना पाठ आहे, तेव्हा पडवी, घंटा, विहीर यांत जात नाही. सांगायची आहे ती फक्त पहिली-दुसरीच्या वर्गातली रस्त्याकडची खिडकी.

१९७८ चा श्रावण. गुरुजींकडे पहिली आणि दुसरी एकत्र. दुपारची यष्टी वळणावर आली की अर्धा वर्ग ताडकन उभा राहायचा. गुरुजी ओरडले की खाली, पाठ फिरली की वर. एके दिवशी त्यांनी मलाच पकडलं. "काय गो, सारखी उठतेस ती?" मी म्हटलं, "बसून दिसत नाय."

मला वाटलं आता छडी. गुरुजींनी धोतर सावरलं आणि माझ्या बस्कराशेजारी खाली बसले. उंच माणूस, तरी मान वाकवून डोळे माझ्या डोळ्यांच्या पातळीत आणले आणि बराच वेळ खिडकीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हितनं तर नुसतं आभाळच दिसतंय गो."

त्यानंतरचा तास बुडाला. आम्हाला एकेकाला भिंतीला लावून ताठ बसवलं आणि डोळ्यांच्या रेषेत खडूने खुणा केल्या. सगळ्यात खालची खूण धरली. येत्या रविवारी गवंडी आला. गुरुजींनी खिडकीची चौकट गजांसकट उतरवून घेतली, खालचे चिऱ्यांचे दोन थर काढले, चौकट तिथे बसवली आणि काढलेले तेच चिरे वर लावले. नवा चिरा एकही आणला नाही. गवंड्याची मजुरी त्यांनी पदरची दिली, असं माझ्या वडिलांनी पुढे सांगितलं.

सोमवारी बसल्या जागेवरून भाताची खाचरं दिसली, बांधावरचा बगळा दिसला, यष्टी तर चाकांसकट दिसली. पुढे तपासणीला आलेले साहेब भडकले. विनापरवाना बांधकाम, शिवाय मुलांचं लक्ष बाहेर जाणार! गुरुजी म्हणाले, "साहेब, आधी उभी राहून बघत होती. आता बसून बघतात." लेखी खुलासा द्यावा लागलाच.

मुंबईला जे. जे.मध्ये आर्किटेक्चर शिकताना समजलं, की सहा वर्षांचं मूल मांडी घालून बसलं की त्याचे डोळे जमिनीपासून साधारण पावणेदोन फुटांवर असतात. आपल्याकडे खिडकीचा उंबरा मात्र तीन फुटांवर धरायची सवय, तीही खुर्चीत बसणाऱ्यासाठी. लॉरी बेकर हे वास्तुविशारद केरळात विटा आडव्या न घालता उभ्या रचून, आत पोकळी ठेवून भिंती बांधत. त्यात जवळजवळ पाव विटा वाचतात आणि ऊनही लवकर आत शिरत नाही. वर्गात सगळे त्याने भारावले. मला आपला गवंडी आठवला. २०२२ मध्ये प्रित्झकर हे वास्तुकलेतलं सर्वात मानाचं पारितोषिक मिळालेले फ्रान्सिस केरे पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासो देशातल्या गांदो गावचे. गावात शाळा नव्हती, म्हणून लहानपणी परगावी कोंदट, उकडणाऱ्या वर्गांत बसले. मोठेपणी गावासाठी २००१ मध्ये तिथल्याच मातीच्या विटांची प्राथमिक शाळा उभी केली, गावकऱ्यांनी हात लावला. पत्र्याचं छप्पर त्यांनी खालच्या छतापासून वर उचललं आहे. मधून वारा खेळतो, तापलेली हवा निघून जाते. आपल्या मंगलोरी कौलांच्या फटी तेच काम करायच्या. फरक इतकाच, की मृग लागायच्या आधी शाकारणीला तुमचेआमचे बाप छपरावर चढायचे.

मी स्वतः आतापर्यंत सात शाळा बांधल्या. प्रत्येक साइटवर पहिलीच्या वर्गात, प्लास्टर होण्याआधी, मी खाली बसते. मुकादम हसतात, हसू देत.

गेल्या मे महिन्यात आपल्या नव्या इमारतीतही बसून आले. बांधणाऱ्यांनी पैसा खाल्ला नाही, हे मान्य. पण स्लॅब दुपारी अंगावर येतो, पावसात गळतो म्हणून त्यावर पुन्हा पत्र्याची शेड चढवली आहे. पडवी नाही, त्यामुळे छत्र्यांचं पाणी थेट वर्गात. चकचकीत लाद्यांवर पाय सरकतो. खिडक्या ॲल्युमिनियमच्या, सरकत्या, म्हणजे एका वेळी अर्धीच उघडणार. आणि उंबरा तीन फुटांवर. पहिलीच्या वर्गातून आभाळ दिसतं, आता त्यात मोबाइलचा टॉवर आहे.

जुनी पाडताना त्या खिडकीवरचे चिरे कुठे गेले कुणास ठाऊक. चिरा पुन्हा वापरता येतो, म्हणून कुणाच्या तरी गडग्यात सुखरूप असतील. सापडले तर कळवा.

नव्या दोन वर्गांच्या नकाशावर मी लाल पेनाने खुणा करून पाठवल्या आहेत. छप्पर कौलारू, नैऋत्येच्या बाजूला आठ फूट पडवी, उंबरा दीड फुटावर. खिडकी एवढी खाली आली की गज हवेतच, आणि दोन गजांमधलं अंतर चार इंचांपेक्षा कमी ठेवा, नाहीतर डोकी अडकतात. कशी अडकतात, हे समितीच्या अध्यक्षांना विचारा. त्यांचं काढायला गुरुजींना खोबरेल तेलाची अख्खी वाटी लागली होती.