तुम्ही विचारलंत म्हणून: पार्वतीची साडी

मी ट्रान्स बाई आहे हे कळलं की थोड्या वेळाने हा प्रश्न येतोच: ‘अशी ही बनवाबनवी’ तुम्हाला कसा चालतो? विचारणाऱ्यांतल्या काहींना मी चिडलेली हवी असते, काहींना मी ‘चालतो हो’ म्हणून त्यांना मोकळं करावं असं वाटतं.

मला तो सिनेमा आवडतो. 1988 सालचा, माझ्याहून थोडा मोठा. लक्ष्मीकांत बेर्डेंची पार्वती आणि सचिनची सुधा साडी नेसतात ती पुण्यात राहायला जागा मिळावी म्हणून. माझ्यासारख्यांची टिंगल त्यात नाही, हे मी कुणाशीही भांडून सांगेन. लहानपणी पार्वतीच्या डोहाळजेवणाला सगळं घर हसायचं आणि मी तिच्या पदराकडे बघत बसायचे. हिने साडी सोडूच नये, असं वाटायचं.

तरीही एक सांगते.

पेठेतल्या एका वाड्यात मला खोली मिळाली होती. घरमालकीण काकू रोज विचारायच्या, ‘आलीस का? जेवलीस का?’ संक्रांतीला त्यांनी हळदीकुंकवाला बोलावलं, बायकांत बसवलं, कुंकू लावलं, वाण म्हणून स्टीलचं गाळणं दिलं. महिन्याभराने माझ्या जुन्या नावाचं बँकेचं पाकीट त्यांच्या हाती पडलं. त्यांनी विचारलं, मी खरं सांगितलं. त्या उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या. ‘ही काय बनवाबनवी लावलीय? हळदीकुंकवाला आमच्यात बसलास! फसवलंस आम्हाला.’

बसलास. इतके महिने ‘जेवलीस का’ विचारणाऱ्या तोंडातून. आठ दिवसांत खोली रिकामी करायला सांगितलं. ट्रान्सजेंडर असल्यामुळे भाड्याची जागा नाकारता येत नाही, हे 2019 च्या कायद्यात लिहिलंय. ते कलम मी इतरांना समजावून सांगायचे. त्या दारात मात्र मला ‘बरं’ एवढंच म्हणता आलं.

विशीत मी म्हणायचे, असले सिनेमे दाखवूच नयेत. नंतर म्हणायला लागले, सिनेमाचा काय दोष? आता दोन्ही म्हणताना अडखळते. काकूंना शब्द हाताशी मिळाला तो तिथूनच. तिथे साडी हे सोंग असतं आणि सोंग उघडं पडल्यावर सगळं गोड होतं. माझ्या घरात खोटं काही असेल तर ते त्या पाकिटावरचं नाव होतं. यावर लोक बालगंधर्वांचं उदाहरण देतात: बायका त्यांच्यासारखं नेसायच्या, महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतलं! घेतलं ना. पण नाटक संपल्यावर ते नारायणराव राजहंस होते, आणि ते सगळ्यांना माहीत होतं.

गेल्या गणपतीत मंडळाने तोच सिनेमा पडद्यावर लावला. मी गेले. डोहाळजेवणाच्या गाण्याला शेजारची मुलगी हसत माझ्या अंगावर रेलली, मीही हसले, मनापासून. बनाव उघडा पडायच्या आधी उठून घरी आले.