तुम्ही विचारलंत म्हणून: "ताई, कोणतं तेल लावता?"

फ्लॅट स्कीमच्या लिफ्टमध्ये, सीताबर्डीत ब्लाउजपीस घेताना, हळदीकुंकवाला, सगळीकडे एकच प्रश्न, "ताई, केस किती भरले वो तुमचे, कोणतं तेल लावून राहिल्या?" दोन मिनिटांत सांगून होत नाही म्हणून आज नीट लिहिते. तेल नाही. स्किनच्या डॉक्टरांची ट्रीटमेंट आहे, चार वर्षं झाली आणि अजून सुरू आहे.

मी 38 ची होते. केस पुंजक्याने गळत नव्हते, त्यामुळे कळलंच नाही. फक्त वेणीला दोन वेढ्यांत बसणारा रबर बँड चार वेढे घ्यायला लागला. मग मे महिन्यात टेकडी गणपतीच्या रांगेत उभी होते तर भांगात चटके बसायला लागले, घरी येऊन बघते तर भांगाची कातडी लालभडक. नागपूरचं ऊन जन्मापासून खाल्लंय, पण भांग भाजलेला पहिल्यांदा. लेकीने वरून फोटो काढला, समोर बोटभर रुंद आणि मागे निमुळता होत गेलेला.

मग कांद्याचा रस झाला, बायोटिन म्हणजे केसांसाठी घेतात ते व्हिटॅमिन झालं (थायरॉईडची टेस्ट करणार असाल तर बायोटिन घेता हे आधी डॉक्टरांना सांगा, रिपोर्ट चुकू शकतो), आणि एका क्लिनिकमधून मिनॉक्सिडिलची, म्हणजे डोक्याला लावायच्या केसांच्या औषधाची, बाटली मिळाली. सुरुवातीचे काही आठवडे केस उलट जास्त गळू शकतात हे तिथे कोणीच सांगितलं नाही. पाचव्या आठवड्यात कंगव्यात गुंता बघून मी घाबरले आणि बाटली फेकली. ते अख्खं वर्ष वाया गेलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

शेवटी धंतोलीत एका डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी डोक्यावर छोटा कॅमेरा टेकवून स्क्रीनवर दाखवलं, एक केस जाड, त्याच्या शेजारचा लव असावी तसा बारीक. डीएचटी नावाच्या हार्मोनमुळे मूळ आकसत जातं, दर खेपेला केस आधीपेक्षा बारीक आणि आखूड येतो. फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉईडसाठी), पाळी अनियमित होती म्हणून टेस्टोस्टेरॉन आणि पीसीओडीसाठी सोनोग्राफी, सगळं केलं. हार्मोन नॉर्मल निघाले. मी म्हटलं मग हे काय? तर बऱ्याच बायकांचे रिपोर्ट नॉर्मलच येतात म्हणे, मुळंच त्या हार्मोनला जास्त संवेदनशील असतात, आणि ते बरेचदा घराण्यातून येतं. माझ्या आईचा भांग आठवला एकदम.

मिनॉक्सिडिल परत सुरू केलं, 5 टक्क्यांचं, रोज एकदा. हे मूळचं बीपीचं औषध, पेशंटच्या अंगावर केस वाढायला लागले तेव्हा कळलं की हे असंही काम करतं. सोबत त्या हार्मोनचा परिणाम अडवणारी स्पायरोनोलॅक्टोनची गोळी, तिच्यासाठी बीपी आणि पोटॅशियम बघतात, आणि ती गरोदरपणात चालत नाही, म्हणून मैत्रिणीचं प्रिस्क्रिप्शन बघून दुकानातून आणू नका, प्लीज. सहाव्या महिन्यात भांगाच्या कडेने बोटाच्या पेराएवढे केस उभे दिसले, मी आरशासमोर रडले. कॉलेजातली वेणी काही परत आली नाही, आणि औषध सोडलं तर काही महिन्यांत आलेलंही जातं.

ज्यांचे केस एकदम मूठमूठ गळतायत त्यांनी आधी आठवा, दोन-तीन महिन्यांपूर्वी डेंगू, ऑपरेशन, बाळंतपण असं काही झालं होतं का. ते प्रकरण वेगळं असतं आणि बहुतेकदा आपलं आपण थांबतं.

सासूबाई म्हणायच्या, "केसच तर आहेत, काऊन इतका पैसा घालून राहिली?" मला ते लागायचं. आरशासमोर रोज मी उभी राहायचे ना.

काल लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरच्या वहिनींनी हाच प्रश्न विचारला आणि पदर बाजूला करून मान खाली घातली. तसाच भांग, समोर रुंद. "सोमवारी जातो मी डॉक्टरकडे," म्हणाल्या. मी म्हटलं, थांबा, मी पण येते सोबत.