बाबांच्या कानाच्या मशीनसाठी घरी केलेली पॉवर बँक

बाबांचं कानाचं मशीन रिचार्जेबल आहे. रात्री काढून त्याच्या डबीत ठेवायचं, डबी चार्जरला लावायची, सकाळी पुन्हा कानात. लालबागच्या खोलीत याचा कधी त्रास नाही. पण गणपतीला ते गावी, सावंतवाडीकडे जातात आणि तिथे पावसात वीज गेली की गेली. आरतीला घर माणसांनी भरलेलं आणि बाबांना काही ऐकू येत नाही, हे मला बघवत नव्हतं.

विकतची पॉवर बँक घरात होतीच. तिच्यावर फोन व्यवस्थित चार्ज व्हायचा, पण डबी लावली की अर्ध्या मिनिटात दिवे विझायचे. यूएसबी मीटर मध्ये लावून बघितलं तेव्हा कारण कळलं. डबी जेमतेम ०.०४ अँपिअर घेत होती. बहुतेक पॉवर बँकांच्या सर्किटला एवढा कमी करंट दिसला की काही लावलेलंच नाही असं वाटतं आणि बॅटरी वाचवायला ते स्वतःहून बंद होतं. फोनसाठी ही सोय चांगली, पण घड्याळ, इअरबड, कानाचं मशीन अशा लहान वस्तूंना तीच आडवी येते. मग ठरवलं, आपोआप न झोपणारी पॉवर बँक आपणच करायची.

सेल ऑफिसमधून मिळाले. भंगारात निघालेला लॅपटॉपचा एक पॅक विचारून घेतला. आत १८६५० जातीचे सहा सेल होते. हा आकडा म्हणजे त्यांचं माप, १८ मिलिमीटर जाडी आणि ६५ मिलिमीटर लांबी. दोन-दोनच्या तीन जोड्या एकापुढे एक जोडलेल्या असतात, त्यामुळे एक जोडी मेली तरी अख्खा पॅक मेला असं लॅपटॉप सांगतो. इथेही तेच झालं होतं. एका जोडीवर दोन व्होल्टच्या खाली काटा होता, बाकी चार सेल साडेतीनच्या वर. दोनच्या खाली गेलेला लिथियम सेल पुन्हा चार्ज करू नये, आत तांबं विरघळून पुढे शॉर्ट होण्याचा धोका असतो. ती जोडी टोकांना टेप लावून बाजूला काढली, नंतर ई-कचऱ्यात दिली.

पॅक उघडताना प्लास्टिकचा चमचा वापरला, स्क्रू ड्रायव्हर नाही. सेलचा वरचा गुंडी असलेला भाग पॉझिटिव्ह, पण त्याच्या भोवतीचा खांदा निगेटिव्ह असतो आणि दोघांमध्ये फक्त पातळ वेष्टन. लोखंडी टोक तिथे घसरलं की ठिणगी.

खरं काम यानंतरचं, आणि ते सगळं बसून वाट बघण्याचं. प्रत्येक सेल ४.२ व्होल्टपर्यंत भरायचा, मग कपॅसिटी मोजणाऱ्या चार्जरवर रिकामा करून किती मिलिअँपिअर-अवर निघतात ते बघायचं. हे मी गॅलरीतल्या लादीवर करायचे, शेजारी वाळूची बादली ठेवून, जागी असतानाच. चारही सेल २२०० च्या आसपास निघाले. मूळचे २६०० चे, म्हणजे वयाच्या मानाने चांगलेच. मग भरून दोनेक आठवडे नुसते ठेवले. ज्याचा व्होल्टेज पडून पडून खाली येतो तो सेल आतून गळका, त्याला पॅकमध्ये घ्यायचं नाही. चौघेही टिकले. हा आठवड्यांचा थांबा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि घाईत माणसं हाच वगळतात.

बाकी सामानासाठी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठला. एका काउंटरवर ९९०० मिलिअँपिअर-अवर छापलेले चकचकीत सेल होते. हातात घेतले तर हलके लागले. चांगला १८६५० साधारण ४५ ग्रॅमचा असतो आणि या मापात ३६०० च्या वर फारसं काही बसत नाही, तेव्हा छापलेला आकडा खरा असूच शकत नाही. पुढच्या दुकानातल्या दादांनी मला काय हवं ते नीट ऐकून घेतलं. चार्जिंगसाठी टीपी४०५६ चा बोर्ड, पण संरक्षणाची चिप असलेलाच. सेलचा व्होल्टेज यूएसबीच्या ५ व्होल्टपर्यंत वाढवायला एमटी३६०८ चा बोर्ड. एक यूएसबी सॉकेट, सरकतं बटण, सेलवर चिकटवायचा इन्सुलेशनचा बार्ली पेपर. सगळं मिळून दोनशेच्या आत. सेलवर थेट सोल्डरिंग करायचं नव्हतं, उष्णतेने सेल बिघडतो. दोन गल्ल्या सोडून बॅटरी पॅक करणारे काका बसतात, त्यांच्याकडून निकेलच्या पट्ट्यांनी स्पॉट वेल्डिंग करून घेतलं. जोडण्याआधी त्यांनी स्वतःहून मीटर लावून चारही सेलचा व्होल्टेज सारखा आहे ना ते पाहिलं. समांतर जोडताना एक भरलेला आणि एक रिकामा असला तर भरलेला दुसऱ्यात एकदम करंट ओततो. त्यांची ही सवय बघून मी निश्चिंत झाले.

घरी जोडणी सोपी होती. सेल टीपी४०५६ च्या बोर्डावरच्या बी प्लस आणि बी मायनसला, तिथून आऊटच्या दोन तारा बटणातून एमटी३६०८ ला. हा बोर्ड २८ व्होल्टपर्यंत चढू शकतो, म्हणून काहीही लावण्याआधी मल्टिमीटर ठेवून बारीक स्क्रू फिरवत ५ वर आणला आणि स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाकला, म्हणजे धक्क्याने फिरायला नको. सॉकेटच्या मधल्या दोन डेटा पिना एकमेकींना जोडल्या. त्याने फोनला समोर चार्जर आहे असं समजतं, नाहीतर तो कॉम्प्युटरला लावल्यासारखा सावकाश घेत बसतो.

हिशेब असा: २२०० चे चार सेल म्हणजे ८८०० मिलिअँपिअर-अवर, पण ३.७ व्होल्टवर. तेच ५ व्होल्टवर साडेसहा हजार होतात, आणि रूपांतरात जाणारं धरलं तर हाती साडेपाच हजारांच्या आसपास. विकतच्या डब्यावरचा मोठा आकडाही सेलचाच असतो, ‘रेटेड’ म्हणून बारीक अक्षरात लिहिलेला वेगळा असतो. भरायला रात्रभर लागते कारण टीपी४०५६ एकच अँपिअर देतो. चार सेलांत वाटून प्रत्येकाला पाव अँपिअर येतो, जुन्या सेलांना हे मानवतं.

डबी लावली, मीटरवर ०.०४ दिसलं आणि दिसतच राहिलं. बाबांनी बटण एकदा सरकवलं आणि मग कुणालाच हात लावू दिला नाही. ही पॉवर बँक झोपत नाही, म्हणून काम झालं की बटण बंद करावं लागतं. विसरलंच तर संरक्षणाची चिप सेल पार रिकामा होण्याआधी तोडते. चार्ज होताना वापरायची नाही, उशीखाली ठेवायची नाही, हे डब्यावर मोठ्या अक्षरात चिकटवलंय. विमानात अशी घरगुती वस्तू न्यायची नाही, पण बाबा कोकण रेल्वेनेच जातात.

चाळीतल्या दोघांनी अशीच करून मागितली आहे. मी तयार आहे, पण जुना पॅक त्यांनी आणायचा आणि सेल तपासून होईपर्यंत मला घाई करायची नाही.