रतनच्या बाजूने पाहिलेला ‘सिकंदर’

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी क्रीडांगणाच्या आठवणी लिहाव्यात असे मनात होते. परंतु त्या आठवणींपासून एक चित्रपट वेगळा काढता येत नाही, म्हणून त्याच्याविषयीच लिहितो. मन्सूर खान यांचा ‘जो जीता वही सिकंदर’ १९९२ साली प्रदर्शित झाला आणि आमच्या पिढीतील असंख्य मुलांप्रमाणे आम्हालाही त्याने झपाटून टाकले. शाळा सुटल्यावर मैदानाच्या कडेने सायकली पळवताना प्रत्येकाला आमिर खानने रंगवलेला संजू व्हायचे असे. त्याचा प्रतिस्पर्धी शेखर मल्होत्रा व्हायला कोणी राजी नसे आणि संजूचा मोठा भाऊ रतन तर आमच्या खेळात नसेच.

पुढे चित्रपट पाहण्याची आणि त्यांवर बोलण्याची गोडी लागली, ती आजतागायत टिकली आहे. त्या नजरेने हा चित्रपट अलीकडे पुन्हा पाहिला, तेव्हा तो रतनचा आहे असे मला प्रकर्षाने जाणवले. कथा देहरादूनमध्ये घडते. एकीकडे राजपूत महाविद्यालयातील श्रीमंत मुले, तर दुसरीकडे त्यांच्याकडून ‘पजामा छाप’ म्हणून हिणवली जाणारी मॉडेल महाविद्यालयातील स्थानिक मुले. आरंभीच्या सायकल शर्यतीत रतन शेखरकडून थोडक्यात हरतो. हा पराभव तो निमूटपणे स्वीकारतो आणि पुढच्या वर्षाच्या तयारीला लागतो. मामिक सिंग यांनी हा शहाणा, कष्टाळू, वडिलांचा शब्द झेलणारा मुलगा इतक्या संयमाने उभा केला आहे की, लहानपणी त्याच्याकडे आमचे लक्ष गेले नाही यात नवल नाही. बालवयात डोळे खोडकर मुलावर खिळतात. घराचा भार मुकाट्याने वाहणारा मुलगा दिसायला वय वाढावे लागते.

सरावाच्या वेळी राजपूतच्या मुलांशी झालेल्या झटापटीत रतन गंभीर जखमी होतो आणि त्याची जागा संजू घेतो. येथे एक उणीव मला आज स्पष्ट दिसते. उडाणटप्पू मुलगा शर्यतीचा दमदार सायकलपटू बनतो, ते स्थित्यंतर फार झटपट उरकले आहे. क्रीडापटूची दमछाक आणि रोजचा कंटाळवाणा सराव यांना पडद्यावर आणखी वेळ मिळायला हवा होता. तरीही शेवटची शर्यत खोटी वाटत नाही, कारण तिच्यामागचे ओझे आपण आधीच पाहिलेले असते. अपघातानंतर येणारे ‘रूठ के हमसे’ हे गीत जतिन पंडित यांच्या आवाजात ऐकताना संजूला आपण काय गमावत आहोत याची झालेली जाणीव पुढच्या प्रत्येक वळणावर त्याच्या पायांत उतरते. कुलभूषण खरबंदा यांचा रामलाल हाही मला नव्याने भेटला. एका मुलावर जितका विश्वास, तितकाच दुसऱ्यावर राग, आणि त्या रागातली माया लपवण्याची बापाची धडपड त्यांनी सुरेख दाखवली आहे.

मजरूह सुलतानपुरी यांचे शब्द आणि जतिन-ललित यांचे संगीत लाभलेल्या ‘पहला नशा’ या गाण्याकडेही मी आता निराळ्या कुतूहलाने पाहतो. कॅमेरा नेहमीपेक्षा अधिक वेगाने चालवून टिपलेली दृश्ये सेकंदाला २४ चौकटींनी दाखवली की हालचाल संथ होते. पण मग गाणाऱ्याचे ओठ शब्दांच्या मागे पडतात. म्हणून चित्रीकरणाच्या वेळी गाणेही त्याच प्रमाणात वेगाने वाजवून कलाकारांना त्यावर ओठ हलवावे लागतात. शरीर तरंगते आहे आणि शब्द मात्र अचूक जुळतात, ही किमया फराह खान यांच्या नृत्यदिग्दर्शनाने साधली आहे. लहानपणी आम्ही हे गाणे पुढे ढकलून शर्यतीकडे पळत असू!

या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला होता. माझ्या वर्गमित्रांना मात्र माझी आग्रहाची विनंती वेगळीच आहे: महोत्सवाच्या निमित्ताने सारे जमू तेव्हा तो एकत्र पाहू या, आणि या वेळी पहिल्या शर्यतीपासूनच रतनवर लक्ष ठेवू या.