जुना लॅपटॉप, नवा राऊटर आणि रुसलेलं वायफाय

फायबरचं कनेक्शन आलं, नवा राऊटर भिंतीवर चढला, घरातले सगळे मोबाइल बिनबोभाट जोडले गेले आणि दहा-बारा वर्षांचा लॅपटॉप तेवढा अडून बसला. ‘वायफाय कार्ड गेलं’ म्हणून लगेच मोकळे होऊ नका. कार्ड क्वचित जातं. बहुतेक वेळा राऊटरची कारखान्यातून आलेली सेटिंग त्याला झेपत नसते.

नेमकं काय होतंय ते आधी बघा. नेटवर्कचं नावच दिसत नाही, नाव दिसतं पण पासवर्ड घेत नाही, की जोडला जातो पण वेबसाइट उघडत नाही? तिन्हींची कारणं वेगळी आहेत. आणि हसू नका, पण लॅपटॉपच्या कडेला असलेली वायफायची सरकपट्टी किंवा फंक्शन बटणांपैकी अँटेनाचं चित्र असलेलं बटण बंद नाही ना, हेही पाहून घ्या.

मग कमांड प्रॉम्प्ट (विंडोजची आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून ‘नेटएसएच डब्ल्यूलॅन शो ड्रायव्हर्स’ (netsh wlan show drivers) ही आज्ञा इंग्रजीत टाइप करा. विंडोज ७ आणि १० दोन्हींत चालते. ‘रेडिओ टाइप्स’च्या ओळीत ८०२.११ च्या पुढे फक्त बी, जी, एन असेल, तर कार्ड वायफायच्या दोन मुख्य पट्ट्यांपैकी (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ) २.४ वरच चालतं. ए किंवा एसी असेल तरच ५ गिगाहर्ट्झ दिसणार. खाली ऑथेंटिकेशनच्या यादीत डब्ल्यूपीए३ (वायफायच्या सुरक्षेचा नवा प्रकार; डब्ल्यूपीए२ त्याच्या आधीचा) नसेल, तर पासवर्डच्या भांडणाचं मूळ बहुधा तिथेच आहे.

नाव दिसत नसेल तर तीन शक्यता. एक, राऊटरवर २.४ चा पट्टा बंद आहे. दुसरी, राऊटरने ‘ऑटो’वर चॅनेल (पट्ट्यातली एक मार्गिका) १२ किंवा १३ पकडलाय. भारतात ते चालतात, पण अमेरिकेच्या बाजारासाठी बनलेली कार्डं बऱ्याचदा १ ते ११ एवढेच चॅनेल पाहतात. मुलाने किंवा मामाने तिकडून आणलेला लॅपटॉप असेल तर संशय आधी इथे घ्या. चॅनेल १, ६ किंवा ११ वर पक्का करा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. तिसरी शक्यता वायफाय ६ ची, म्हणजे जुन्या कार्डांनंतर आलेल्या वायफायच्या पिढीची. इंटेलच्या ७२६०, ७२६५ यांसारख्या कार्डांना जुन्या ड्रायव्हरवर (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) वायफाय ६ चं नेटवर्क दिसतच नाही. ड्रायव्हर नवा टाकला की दिसतं. इंटरनेटच नाही तर ड्रायव्हर आणायचा कुठून? मोबाइल केबलने जोडा आणि यूएसबी टेदरिंग (मोबाइलचं इंटरनेट केबलमधून लॅपटॉपला देणं) चालू करा, नाहीतर राऊटरपासून सरळ लॅनची वायर लावा.

पासवर्ड बरोबर असून नाकारला जातो, तेव्हा राऊटर फक्त डब्ल्यूपीए३ वर असतो, किंवा मिश्र मोडवर असूनही जुना ड्रायव्हर गोंधळतो. राऊटरच्या सेटिंगमध्ये सुरक्षा डब्ल्यूपीए२-पर्सनल, एईएस अशी करा आणि ‘पीएमएफ’ नावाची (वायफायच्या नियंत्रण-संदेशांना संरक्षण देणारी) सेटिंग ‘रिक्वायर्ड’ असेल तर बंद करा. एईएसऐवजी टीकेआयपी हा जुना प्रकार निवडू नका. सुरक्षा कमजोर होतेच, शिवाय एन कार्डाचा वेग ५४ मेगाबिटवर अडकतो. नंतर लॅपटॉपमधलं जुनं सेव्ह केलेलं नेटवर्क पुसून नव्याने जोडा, नाहीतर तो जुन्याच सेटिंगने धडका मारत राहतो.

आता खरी सूचना. एका लॅपटॉपसाठी अख्ख्या घराचं वायफाय खाली आणायचं कारण नाही. राऊटरमध्ये गेस्ट नेटवर्क, म्हणजे पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय, असतं. ते फक्त २.४ वर, वेगळ्या साध्या इंग्रजी नावाने, डब्ल्यूपीए२ लावून सुरू करा. मोबाइल आपल्या जागी राहतात, लॅपटॉपला स्वतःची वाट मिळते. काही राऊटर गेस्टलाही मुख्य नेटवर्कचीच सुरक्षा लावतात. तिथे मात्र वरचे बदल मुख्य नेटवर्कवरच करावे लागतील. गेस्टवरून घरातला वायफाय प्रिंटर सहसा दिसत नाही, हेही लक्षात ठेवा.

जोडला गेला पण इंटरनेट नाही, आणि कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) टाइप केल्यावर दिसणारा आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू होतोय? म्हणजे राऊटरकडून पत्ताच मिळालेला नाही. अडॅप्टरच्या सेटिंगमध्ये कुणीतरी कधीकाळी हाताने भरलेला आयपी आहे का पाहा. तो काढून ‘ऑब्टेन ऑटोमॅटिकली’ करा आणि राऊटर एकदा बंद-चालू करा. पत्ता ठीक आहे पण प्रत्येक साइटवर प्रमाणपत्राचा इशारा येतोय, तर घड्याळ बघा. मदरबोर्डवरचा सेल संपला की तारीख कित्येक वर्षं मागे जाते. बऱ्याच लॅपटॉपमध्ये तो सीआर२०३२ असतो, पण वायर जोडलेला. जुना काढून तसाच मागा. तारीख बरोबर असेल तर ब्राउझर फार जुना असण्याची शक्यता जास्त.

एवढं करूनही जमलं नाही, तरच यूएसबी वायफाय डोंगल, म्हणजे यूएसबीत लावायचं छोटं वायफाय कार्ड. आपल्या विंडोजच्या आवृत्तीचा ड्रायव्हर बनवणाऱ्याच्या साइटवर आहे ना, हे पैसे देण्याआधी पाहा. आणि २.४ चा डोंगल निळ्या यूएसबी ३ पोर्टात लावू नका, विशेषतः शेजारी हार्ड डिस्क जोडलेली असताना. यूएसबी ३ चा विद्युत गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पडतो. काळा पोर्ट वापरा, किंवा छोटी एक्स्टेन्शन वायर लावून डोंगल लॅपटॉपपासून थोडा दूर ठेवा.