नवीन पिढीला धंदा नको? एकदा ऐकून तर घ्या

पेणमध्ये कुठल्याही गणपतीच्या कारखान्यात जा, मालक एक डायलॉग मारणारच, "पोरांना मातीत हात घालायचा नाही हो आता." आमचे बाबा पण हेच सांगतात, आणि सांगताना माझ्याकडे बोट असतं, कारण मी पनवेलला नोकरी करतो. गिऱ्हाईक पण मान डोलावतं.

आता गंमत बघा. आजोबा शाडूच्या मातीत काम करायचे. बाबांनी कारखाना हातात घेतला आणि पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) आणलं, तेव्हा आजोबांनी म्हणे बरेच दिवस अबोला धरला होता. आणि आता मी म्हणतो की हळूहळू परत शाडूकडे जाऊया, तर बाबा म्हणतात तुला धंद्यातलं काय कळतं!

त्यांचं चुकतं असं नाही. शाडू जड, वाळायला वेळ घेते, पावसाळी हवेत तर विचारूच नका, टेम्पोत एक हादरा बसला की सोंड नाहीतर बोटं गेली. पीओपी साच्यात ओतलं की थोड्या वेळात मूर्ती बाहेर, हलकी, लांबच्या ऑर्डरला सोपी. त्यात आपला धंदा असा की पैसा वर्षभर अडकून पडतो, माल, मजुरी, व्याज सगळं आधी आणि वसुली गणपतीच्या तोंडावर. अशात कोण रिस्क घेणार?

पण २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण मंडळाने पीओपीच्या मूर्ती नकोत म्हणून सांगितलं, मग मुदतवाढ, मग कोर्ट. २०२५ च्या जानेवारीत हायकोर्ट म्हणालं बंदी कडक पाळा, जूनमध्ये म्हणालं बनवा-विका पण नदी-समुद्रात विसर्जन नको. तोपर्यंत इथे शेडभर कच्च्या मूर्ती तयार! त्या वर्षी बाबांना झोप नव्हती आणि मी काही बोललो की म्हणायचे, तू तुझं ऑफिस बघ.

माझं म्हणणं एवढंच आहे. सुट्टीत आलो की मला पॉलिश पेपर मारायला बसवतात, आखणी पण करू देतात (डोळे मी बरे काढतो, हे आईसमोर कबूल करतात, माझ्यासमोर नाही). पण कुठल्या व्यापाऱ्याला काय रेट दिला, उधारी किती, कर्ज किती हे कधी सांगत नाहीत. वहीला हात लावायचा नाही. मग मी काय सांभाळायचं, नुसता ब्रश? पन्नाशीला टेकलेले काही जण अजून वडलांना विचारून चहाचे पैसे देतात आमच्याकडे, आणि वर पोरांना आवड नाही म्हणायचं.

मागच्या आठवड्यात बाबा फोनवर म्हणाले, "दिवाळीनंतर मागची शेड घे, शाडूच्या लहान मूर्ती कर, पैसे तुझे तू घाल." मी हो म्हटलं आणि लगेच जुन्या गिऱ्हाइकांची यादी मागितली. त्यावर, "बघू."