लव्हेलांचा वाडा आणि त्याचा कबुतरखाना

रविवार, रात्र

मिन्स्टर लव्हेलचा पडका वाडा आज मनसोक्त पाहिला. ऑक्सफर्डशायरमध्ये विटनीजवळ, विंडरश नदीच्या अगदी काठावर. विल्यम लव्हेल या सरदाराने तो १४३०च्या दशकात बांधला. त्या वेळच्या इंग्लंडमधल्या गर्भश्रीमंतांपैकी हा एक. दिवाणखान्याच्या भिंती अजून भरपूर उंच उभ्या आहेत, छप्पर कधीच गेलं. नदीच्या अंगाला मनोऱ्याचे अवशेष. वाड्याला खेटून असलेलं सेंट केनेल्मचं चर्च मात्र धडधाकट आहे.

लोक इथे येतात ते फ्रान्सिस लव्हेलच्या गोष्टीसाठी. तो राजा तिसऱ्या रिचर्डचा जिवाभावाचा मित्र. १४८५ मध्ये बॉसवर्थच्या लढाईत रिचर्ड पडला, पण याने नव्या राजाशी झुंज चालूच ठेवली. १४८७ मध्ये स्टोकच्या लढाईत हरला आणि नाहीसा झाला. पुढे १७०८ मध्ये म्हणे वाड्यात काम करताना एक तळघर सापडलं, आत मेजाशी बसलेला सांगाडा. वारा लागताच त्याची माती झाली. गोष्ट अंगावर काटा आणणारी खरी, पण मला ती पटत नाही. १४८८ मध्ये स्कॉटलंडच्या राजाने लव्हेलला अभयपत्र दिल्याची नोंद आहे. असं अभयपत्र मिळालेला माणूस आपल्याच जप्त झालेल्या वाड्यात, शत्रूच्या हाती लागायला कशाला येईल?

माझं मन गुंतलं ते जरा बाजूला असलेल्या कबुतरखान्यात. पंधराव्या शतकातली गोल दगडी इमारत, वर निमुळतं छप्पर, आत भिंतभर कोनाडे. प्रत्येक कोनाडा म्हणजे एका जोडीचं घर. अशा गोल कबुतरखान्यांत बऱ्याचदा मधोमध फिरता खांब असे आणि त्याला शिडी जोडलेली. ती फिरवली की सगळ्या कोनाड्यांपर्यंत हात पोचायचा. पोचायचा तो पिल्लांसाठी. साधारण चार आठवड्यांची, अजून उडू न लागलेली पिल्लं काढून न्यायची, कारण पंखांना ताण पडला नाही तोवरच मांस कोवळं. जोडी एका वेळी दोनच अंडी घालते, पण वर्षातून अनेकदा. विष्ठाही वाया जात नसे, ती शेताला उत्तम खत. पुढच्या काळात तिच्यातून बंदुकीच्या दारूसाठी सोराही काढत. दादरच्या कबुतरखान्यापाशी आजीचा हात धरून दाणे टाकलेल्या मला हे सगळं पचवायला वेळ लागला.

त्याहून जास्त वेळ लागला दुसरी गोष्ट पचवायला. मध्ययुगात कबुतरखाना बांधायचा हक्क गावच्या धन्याचा, कुळांचा नव्हे. कबुतरं चरायची मात्र आसपासच्या शेतांत. कुळांनी पेरलेलं पाखरं खायची आणि पाखरं मालक खायचा. पेरलेल्या दाण्यावर थवा उतरलेला दिसतोय आणि हाकलण्यापलीकडे काही करता येत नाही, ही त्या बांधावरच्या माणसाची तगमग मला लव्हेलच्या सांगाड्यापेक्षा कितीतरी खरी वाटते. दिवाणखान्यातल्या मेजवान्यांचा खर्च कुणाच्या अंगावर पडत होता, ते या कोनाड्यांत स्पष्ट दिसतं. वाड्याची श्रीमंती सांगताना हे सांगितलंच पाहिजे.

१६०२ मध्ये वाडा कोक घराण्याकडे गेला. १७४७च्या सुमारास तो सोडून दिला आणि बराचसा पाडला. उरलेल्या भागाचा वापर शेतीच्या कामाला होत राहिला. दिवाणखान्याला पाहुणे लागतात, नोकर लागतात. ते गेले की तो नुसता खर्च. चार भिंती आणि धड छप्पर असलेली इमारत शेतकऱ्याला कधीही उपयोगाची. कबुतरखाना टिकला तो असाच टिकला असावा, असं मला वाटतं. आता सगळी वास्तू इंग्लिश हेरिटेज ही संस्था सांभाळते.

पुढच्या सुट्टीत याच परगण्यातलं ग्रेट कॉक्सवेलचं कोठार पाहायचं ठरवलंय. ब्यूली मठाच्या साधूंनी तेराव्या शतकाच्या अखेरीस शेतीच्या उत्पन्नासाठी बांधलेलं ते भलंमोठं दगडी कोठार अजून छपरासकट उभं आहे. कबुतरांच्या तोंडून वाचलेलं धान्य पुढे कुठे जायचं, ते तिथे पाहता येईल.